भिंतीवरचा आठवडा

२ फेब्रुवारी

चि. टिकू हिस,

तुझ्या आत्याचे अनेक आशीर्वाद. रागावले आहे म्हणून आशीर्वादात काटछाट केलेली नाही, पण पुढच्या मजकुरात सवलत मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

तुझ्या स्मरण समितीचं छापील आवाहन मिळालं. कागद जाड, छपाई सुबक, आणि मसुदा तू लिहिलास हे सोबतच्या चिठ्ठीत अभिमानाने कळवलं आहेस. ‘आम्ही सर्व नागरिक आमच्या पूर्वजांच्या हातून घडलेल्या अन्यायाचा अपराध सामूहिकपणे स्वीकारतो.’ खाली सहीसाठी रेघ. ती रेघ माझ्याकडे कोरीच राहील.

कारण ऐक. आमच्या कॉन्व्हेंटात रोज सकाळी सगळ्या मुली छातीवर मूठ ठेवून एका सुरात म्हणायच्या, माझ्या चुकीने, माझ्याच चुकीने. माझ्या बाकावर एक जाडी बसायची. तिने प्रयोगशाळेची काच फोडली, त्या दिवशी प्रार्थनेत तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. का नसेल? एवढ्या घोळक्यात तिला शोधणार कोण? सिस्टर मात्र पक्की होती. प्रार्थना संपल्यावर तिने झाडू नेमका जाडीच्याच हातात दिला. तुझ्या मसुद्यात प्रार्थना आहे, झाडू कुठेच नाही. ‘आम्ही सर्व’ म्हणजे कुणीच नाही, एवढं तुला शाळेत शिकवायला हवं होतं.

खालच्या गल्लीतल्या लोकांना पुलापलीकडे हाकललं तेव्हा मी पाळण्यात होते. त्यांची प्रार्थना वेगळी, घरातली बोली वेगळी, एवढाच त्यांचा गुन्हा. घरं सोडा, हातात मावेल तेवढं घ्या, असा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्यांना नावं होती, दारं ठोठावणाऱ्यांना नावं होती, आणि रिकाम्या घरांत दुसऱ्या दिवशी चुली पेटवणाऱ्यांनाही होती. ती लिहा. मी पाळण्यात पडून काय हुकूम काढला असेन?

आता घड्याळ. आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या भिंतीवरचं दाईचं घड्याळ तुला संग्रहालयासाठी हवं आहे, काचेच्या पेटीत, काटे थांबवून. खालच्या गल्लीतल्या ज्या दाईने मला जगात आणलं तिचं ते घड्याळ. दुरुस्तीला आलं होतं. जाताना ती ते विश्वासाने बाबांकडे, म्हणजे तुझ्या आजोबांकडे ठेवून गेली. तेव्हापासून दर रविवारी त्याला चावी मिळते. आधी बाबांनी दिली, मग मी. तुझे बाबा इंजिनियर व्हायला पळाले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं, पण रविवार चुकला नाही. दुकान बंद करून मी निवृत्त झाले तरी चुकला नाही. तू लहानपणी त्या टिकटिकीशिवाय झोपायची नाहीस, नाव उगाच नाही पडलं. चालू घड्याळ थांबवून त्याला दुःखी दाखवायचं असेल तर बाजारात बंद घड्याळं ढिगाने मिळतात.

आमच्या घराने कुणाचं काही घेतलं नाही, उलट सांभाळलं. आमच्याकडून कबुली मागू नकोस.

कळावे. लोभ आहे तेवढाच राहील, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी
आत्या


११ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. जाडीच्या काचेपाशी सगळे हसले, झाडूपाशी मसुदा पुन्हा वाचायला लागले. आमच्या अध्यक्षांनी विचारलं की या बाईंना समितीवर घेता येईल का. मी म्हटलं, घ्या, पण मग समितीत एकच सभासद उरेल.

तरी भांडते. मी अपराध हा शब्द चुकीचा वापरला असेन. पण तुझा पाळणा काही हवेत टांगलेला नव्हता, आत्या. तुझ्या कॉन्व्हेंटचं खेळाचं मैदान आठवतं? जिथे तू बास्केटबॉलचा कप जिंकलास आणि अजून सगळ्यांना सांगतेस? ती खालच्या गल्लीची जागा आहे. त्या टोकाची घरं पाडून सपाट केली. तू घर पाडलं नाहीस. पण त्या जागेवर धावून धावून तुझे गुडघे मजबूत झाले. याला काय म्हणायचं ते तूच सांग, मी तो शब्द मसुद्यात घालते.

आजोबांबद्दल मी काही वाईट बोलले का? उलट म्हणूनच मला ते घड्याळ हवं होतं. सगळ्या प्रदर्शनात लुटीच्या वस्तू आहेत, एक तरी सांभाळलेली असावी. थांबवायची कल्पना माझी नाही, सजावटकाराची आहे. त्याला तू भेटू नयेस अशी माझी इच्छा आहे.

आणि एक बातमी. दाईची नात सापडली. पुलापलीकडच्या शहरात दातांची डॉक्टर आहे. उद्घाटनाला या, असं मी लिहिलं तर तिने एका ओळीत कळवलं की समारंभांना ती जात नाही. मी घड्याळाबद्दल काही लिहिलेलं नाही. ते तुझं आहे, म्हणजे तिचं आहे, म्हणजे मला माहीत नाही कुणाचं आहे. पत्ता सोबत जोडते. लिहायचं तर तूच लिही.

डोळ्यांत थेंब घालतेस ना? डॉक्टरांनी सांगितलंय, तुझ्या भांडणाला विश्रांती नसली तरी डोळ्यांना हवी.

माझ्यावरचा लोभ रागासकट चालू ठेवावास, ही मागणी.

तुझी
टिकू


२० फेब्रुवारी

चि. टिकू हिस,

अनेक आशीर्वाद. मैदानाचं मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस तुझ्यावर चिडून होते, तिसऱ्या दिवशी जाऊन कुंपणापाशी उभी राहिले. पोरी खेळत होत्या. एकीने माझ्याकडे चेंडू फेकला, मी परत फेकला. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही, पण तू म्हणतेस तो शब्द मलाही सापडला नाही. अपराध नव्हे, हे मात्र मी सोडणार नाही.

काल नगरसभागृहात तुझ्या समितीची सभा झाली. बेकरीवाला काळी फीत लावून पहिल्या रांगेत. त्याच्या आजोबांना ती बेकरी भट्टी गरम असतानाच मिळाली, आत परातीत पीठ फुगत होतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याने उभं राहून असं भाषण केलं की बायका नाकाला रुमाल लावून बसल्या. आपण सर्व दोषी आहोत, म्हणाला, कुणा एकाकडे बोट दाखवण्याची ही वेळ नाही. मी उठले. विचारलं की दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना’ म्हणून जे वर्ष रंगवलंय, त्याच्या खाली ही भट्टी आधी कुणाची होती तेही रंगवणार का. तो म्हणाला की तो प्रश्न व्यापक आहे. मी म्हटलं, पाटी पुरेशी रुंद आहे, मावेल.

त्यावर शेजारचा निवृत्त पोस्टमास्तर खवचटपणे म्हणाला की बाई, तुमच्याही भिंतीवर दाईचं घड्याळ आहे म्हणतात. मी याचीच वाट पाहत होते. सांगितलं सगळं. तिने विश्वासाने ठेवलं, आम्ही रविवार चुकवला नाही, मागायला येईल त्याला आजही चालू स्थितीत मिळेल. टिकू, टाळ्या पडल्या. तुझी आत्या टाळ्यांवर भाळत नाही, पण खोटं कशाला बोलू, घरी येताना पावलं हलकी होती.

नातीला मीच लिहिते. घड्याळ तिचं आहे, तिला काय करायचं ते ती ठरवेल. बघच, किती बरं वाटेल बाईला.

थेंब घालते आहे. घालते आहे म्हटलं ना.

कळावे. भांडण थांबलं तर मात्र लोभाबद्दल शंका घ्यावी.

तुझी
आत्या


२१ फेब्रुवारी

डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आपल्या आजीच्या हातांनी मला पहिल्यांदा उचललं, त्या नात्याने लिहिते. माझे वडील घड्याळजी होते आणि त्यांच्यामागे दुकान मी चालवलं. आपल्या आजीचं भिंतीवरचं घड्याळ, अक्रोडाच्या लाकडाचं, लंबकावर फुलाची नक्षी असलेलं, त्या वाईट दिवसांत तिने विश्वासाने आमच्याकडे ठेवलं. ते एक दिवसही बंद पडलेलं नाही. काचसुद्धा मूळची आहे.

इथले लोक त्याला पेटीत बसवून लोकांना रडवू पाहत आहेत. मला ते पसंत नाही. घड्याळ आपलं आहे. कळवाल तसं करीन, हवं असल्यास स्वतः आणून देईन. आमच्या घराने आपल्या आजीची ठेव जपली याचा मला अभिमान आहे आणि तो आपल्यापर्यंत पोचावा असं वाटतं.

कळावे. लोभाला अजून जागा नाही हे जाणते, ती करून द्यावी ही विनंती.

आपली,
घड्याळजींची मुलगी


४ मार्च

घड्याळजींच्या मुलीस,

नमस्कार.

तुमचं पत्र मी दवाखान्यात दोन रोग्यांच्या मध्ये वाचलं, आणि पुढच्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसवलं. तुम्ही मनापासून लिहिलं आहे हे कळतं. म्हणून मीही तसंच लिहिते.

माझ्या आजीने ते घड्याळ तुमच्याकडे ठेवलं नाही. ती ते परत न्यायला आली होती.

निघायच्या दिवशी सकाळी. पाठीला गाठोडं, एका हाताला माझी आई. बाकी सामानावर तिने पाणी सोडलं होतं, पण घड्याळ तिला हवं होतं, कारण ते तिच्या कामाचं होतं. बायका बाळंतपणाला तिच्या घरी यायच्या, कळांमधलं अंतर ती त्यावर मोजायची. पलीकडे गेल्यावर पोट भरायचं तर ते लागणार होतं. घड्याळ दुकानाच्या भिंतीवर चालू होतं, ती दारातूनच पाहत होती. तुमच्या वडिलांनी सांगितलं की कालच उघडून साफ केलंय, पूर्ण चावी उतरेपर्यंत आठवडाभर भिंतीवर राहू दे, त्याआधी आमच्या दुकानातून घड्याळ बाहेर जात नाही. आजी म्हणाली की दुपारच्या आत आम्हाला पूल ओलांडायचा आहे. ते म्हणाले की असं काही टिकत नसतं, चार दिवसांत सगळं निवळेल. मग म्हणाले, “गुरुवारी या.”

मागे शिपाई ओरडत होता. ती निघाली.

आजीला ही गोष्ट हसून सांगायची सवय होती. आमच्या घरात जे कधीच होणार नाही त्याला आम्ही गुरुवारी म्हणतो. मला नवीन सायकल कधी मिळणार? गुरुवारी. गाव कधी बघायला जायचं? गुरुवारी. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरात असं म्हणतात.

तुमच्या वडिलांनी लुटलं असं ती कधी म्हणाली नाही. तुम्हीही म्हणू नका. पण ठेव जपली असंही म्हणू नका.

घड्याळ आमचं आहे. ते परत पाहिजे. माफी नको, ती मी कुठे लावू? पेटीत तर मुळीच नको.

लोभाचं म्हणाल तर तेवढी आपली ओळख नाही.

दाईची नात


१३ मार्च

चि. टिकू हिस,

आशीर्वाद. तिच्या पत्राची नक्कल सोबत आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? पुरावा आण, असं तू म्हणशील तर म्हण, मला नको आहे. ‘आठवडाभर भिंतीवर राहू दे’ हे वाक्य मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तिने ते शब्दन् शब्द लिहिलेलं पाहून तिथे बाबांचा आवाजच आला. हाच तर आमच्या दुकानाचा लौकिक होता. चावी पूर्ण भरलेली असताना कुठलंही घड्याळ नीट चालतं, खरी परीक्षा चावी उतरताना होते. म्हणून आठवडा. न्यायाधीशालाही आठवडा, पाद्र्यालाही आठवडा. मी स्वतः किती गिऱ्हाइकांना ताठ मानेने परत पाठवलंय.

समोर बाई गाठोडं घेऊन उभी आहे, मागे शिपाई आहे, आणि आमच्या बाबांना लंबक दिसतो. काय म्हणू या माणसाला? दुष्ट म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. दुष्ट नव्हते ते. नियमाचा माणूस. नियम पाळला की आपण चांगले, बाहेर रस्त्यावर काय चाललंय ते बघायची गरज नाही. आणि कदाचित घड्याळ देऊन टाकलं असतं तर ती खरंच जाते आहे हे कबूल करावं लागलं असतं, तेही त्यांना नको असेल. मग रविवारच्या रविवार चावी. मी समजत होते ती माया. आता वाटतं की ते गुरुवारची वाट बघत होते.

दोन दिवस घरात भांडी आपटली. बाबांच्या फोटोवर रागावून फोटोला काय होतं? मग ठरवलं.

पाळण्यात होते, हे अजूनही खरं आहे. अपराध माझा नाही, आणि तो मी ‘सर्वां’बरोबर वाटूनही घेणार नाही. पण बाबांच्या मागे मी दुकान घेतलं, त्यांचं नाव घेतलं, पाटी घेतली, आठवड्याचा लौकिक घेतला, त्यावर जन्मभर पोट भरलं. हे सगळं घेताना मी पाळण्यात नव्हते. मग त्याच दुकानाने अडवलेलं घड्याळ तेवढं माझं नव्हे, असं कुठल्या तोंडाने म्हणू? दुकानातलं राहिलेलं काम दुकान घेणाऱ्याकडे येतं. मैदानाचा शब्द तू विचारला होतास. घे. राहिलेलं काम.

परवा पुन्हा सभा होती. मी उभी राहिले आणि मागच्या टाळ्या परत केल्या. सांगितलं की मी जे बोलले ते चूक होतं, तिने मागितलं आणि आम्ही दिलं नाही. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोस्टमास्तर चष्मा पुसत बसला. बेकरीवाला मात्र चटकन म्हणाला की बघा, शेवटी आपण सर्वच. मी म्हटलं, खाली बैस, मी माझ्या दुकानाचं बोलते आहे, तुझ्या भट्टीला त्यात आडोसा मिळणार नाही.

घड्याळ मी स्वतः तिला नेऊन देणार, तुझ्या प्रदर्शनात ते येणार नाही. त्याच्या जागी दुकानातला खिळा पाठवते, ज्यावर ते टांगलं होतं तो. भिंतीत ठोक आणि खाली एवढंच लिही: ‘दाईने जायच्या दिवशी आपलं घड्याळ मागितलं. आमच्या दुकानाने दिलं नाही.’ त्याखाली दुकानाचं नाव. ‘खेद’, ‘वेदना’, ‘काळाच्या ओघात’ असला एकही शब्द घुसडलास तर येऊन खिळा उपटून नेईन.

कळावे. या पत्राला लोभाची ओळ सुचत नाही, मागच्या पत्रातली घे.

तुझी
आत्या


२५ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र या वेळी ऑफिसात वाचून दाखवलं नाही. घरी वाचलं, आणि बाबांना फोन केला. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, तरीच ते घड्याळ कधी पुसायला गेलो की आजोबा कपडा हातातून काढून घ्यायचे. तुझी आठवण काढत होते. म्हणाले, दुकान तिच्या गळ्यात पडलं असं ती म्हणते, पण मीच टाकलं होतं.

समितीत रणकंदन झालं. अध्यक्ष म्हणाले की राष्ट्राच्या शोकांतिकेत खिळा फार क्षुल्लक दिसेल. सजावटकार म्हणाला की खिळ्यावर प्रकाशझोत तरी टाकू. तिसरे एक म्हणाले की दुकानाचं नाव लिहिलं तर उद्या इतरांची नावं विचारतील. मी म्हटलं की माझ्या आत्याला नेमकं तेच हवंय. खिळा नसेल तर मसुद्याच्या कामावरून मला काढा, असंही म्हटलं, आणि हे म्हणताना नोकरी गेली तर तुझ्याकडे राहायला यायचं हेही मनात ठरवून टाकलं होतं. खोली झाडून ठेवू नकोस. खिळा राहिला. प्रकाशझोत नाही. ‘सामूहिक अपराध’ ही ओळ मी मसुद्यातून काढली आणि तिथे तुझा शब्द घातला. अध्यक्षांना तो काव्यमय वाटला नाही, म्हणजे बरा असावा.

पूल ओलांडताना एखादा फोटोग्राफर सोबत द्यावा अशी त्यांची सूचना आहे. मी फक्त कळवण्याचं काम करते आहे, भांडी माझ्या दिशेने फेकू नकोस.

सांभाळून जा. घड्याळही सांभाळ. आणि मला तुझ्या लोभात ठेव, तिथे सध्या बरी जागा आहे.

तुझी
टिकू


९ एप्रिल

चि. टिकू हिस,

अनेक आशीर्वाद. फोटोग्राफरला बसस्टॉपवरूनच परत पाठवला. गुणी मुलगा आहे, त्याला चहा पाजला.

लंबक काढून लोकरीच्या मोज्यात घातला, घड्याळ रजईत गुंडाळून मांडीवर घेतलं. नाक्यावर जकातीच्या माणसाने रजई उघडायला लावली. विचारलं, भेटवस्तू की विक्रीचा माल? मी म्हटलं, दोन्ही नाही, गिऱ्हाइकाची वस्तू, दुरुस्त करून परत चालली आहे. त्याने विचारलं, दुरुस्तीला कधी दिली होती? मी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला की बाई, तुमच्या दुकानाला फार उशीर होतो. मी म्हटलं, हो. तो हसत होता. मी हसले नाही तेव्हा त्यानेही थांबवलं आणि रजई स्वतःच्या हाताने नीट गुंडाळून दिली.

तिसरा मजला, जिन्यात औषधाचा वास. तिने दार उघडलं. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, हात अतिशय स्वच्छ. आत या म्हणाली नाही. घड्याळ घेतलं, रजई मला परत केली. मी म्हटलं की मी टांगून देते, भिंत बदलली की घड्याळ सरळ लावावं लागतं, टिक आणि टक सारख्या अंतराने ऐकू आले पाहिजेत. ती म्हणाली की त्यांच्या घरात हात आहेत. मी मोजा दिला, चावी दिली. आपल्या दुकानाने ते तेव्हा द्यायला हवं होतं, एवढं म्हणाले. ती म्हणाली, हो. आणि दार लावलं.

जिन्यात उभी राहिले, टिकू. इतकी संतापले होते की कठडा हलला असता. एवढा प्रवास, पाणीसुद्धा विचारलं नाही! मग स्वतःलाच विचारलं, तू काय पाणी प्यायला आली होतीस? टाळ्या ऐकायला? गिऱ्हाइकाने माल घेतला, मान हलवली, दार लावलं. दुकानात रोज हेच व्हायचं, तेव्हा कधी रडायला आलं नाही. रजई काखोटीला मारून बस पकडली.

येताना तुझं प्रदर्शन पाहिलं. खिळा बरा ठोकलास, किंचित डावीकडे झुकलाय. मी असेपर्यंत दोघं-तिघं त्याच्यापुढे थांबले. बेकरीवाला थांबला तो बराच वेळ. मला पाहून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मला पाव द्यायला त्याने बायकोला पुढे केलं. पाटी आहे तशीच आहे. मी रोज पाव आणायला जाते आणि पाटीकडे मान वर करून बघते, त्याला दिसेल अशा बेताने. मला घाई नाही.

रविवारी सवयीने घड्याळाच्या चावीसाठी खिशात हात गेला. भिंतीवर घड्याळाच्या आकाराची फिकट जागा उरली आहे. रंग देणार नाही.

कळावे. तू ज्यांच्याशी भांडलीस त्यांचाही तुझ्यावर लोभ राहो, माझा आहेच.

तुझी
आत्या


२२ एप्रिल

घड्याळजींच्या मुलीस,

नमस्कार.

घड्याळ बैठकीच्या भिंतीवर टांगलं. माझी आई आता अंथरुणातच असते, तिला तिथून दिसतं. ते पाहून तिने रेडिओ बंद करायला सांगितला.

तुम्ही सांगितलं तसं सरळ लावून पाहिलं. पहिले दोन-तीन दिवस बरं चालतं, मग आवाज लंगडायला लागतो आणि थांबतं. धक्का दिला की चालतं, पुन्हा थांबतं. माझ्या नवऱ्याने खाली पुठ्ठा लावला, त्याने आणखी बिघडलं. इथल्या घड्याळजीने दुरुस्तीसाठी दुकानात मागितलं होतं, पण आई म्हणाली की ते आता कुणाकडे ठेवायचं नाही.

तेव्हा तुमच्या दुकानाचं काम पूर्ण झालं आहे असं मी मानत नाही. घड्याळ भिंतीवरून न हलवता जे करायचं ते इथेच करावं लागेल. हत्यारं घेऊन या. दुपारी दवाखाना बंद असतो, मी घरी असते. आठवडाभर चालतंय की नाही ते आम्ही पाहू आणि मग कळवू.

गुरुवारी या. येत्या.

दाईची नात